पाच हजारांची रेघ

साडेचार हजार रुपये किमतीचा एक जुना मोबाइल घेऊ. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला, बॅटरी दुपारपर्यंतच टिकणारी, पण मालकाचं सगळं जग ज्यात आहे असा. हा मोबाइल चार वेगवेगळ्या दिवशी चोरीला गेला अशी कल्पना करू. एकदा बोरिवली स्टेशनबाहेर भाजी घेताना शर्टाच्या खिशातून. एकदा अंधेरीला लोकल थांबता थांबता, दारातल्या रेटारेटीत. एकदा घाटकोपरच्या चाळीत, पहाटे तीनला, खिडकीशी चार्जिंगला लावलेला असताना बाहेरून हात घालून. आणि एकदा मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, घरकामाला ठेवलेल्या माणसाकडून.

वस्तू तीच, किंमत तीच, मालकाचा मनस्तापही तोच. कायद्याच्या लेखी मात्र या चार निरनिराळ्या चोऱ्या आहेत. बोरिवलीच्या चोरीचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करूच शकत नाहीत, आणि चोर पहिलटकर असेल व त्याने मोबाइल परत केला तर त्याला तुरुंग नाही, समाजसेवेची शिक्षा आहे. अंधेरीच्या आणि मुलुंडच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घाटकोपरच्या खिडकीतल्या हाताला चौदा वर्षांपर्यंत.

'मोठी चोरी' आणि 'किरकोळ चोरी' हे शब्द आपण रकमेवरून वापरतो. पाचशेची नोट गेली तर किरकोळ, पाच तोळे गेले तर मोठी. आपला फौजदारी कायदा मात्र दीडशेहून अधिक वर्षं रकमेकडे जवळजवळ न बघता चोरीची गंभीरता ठरवत आला आहे. चोरी कुठे झाली, कशी झाली, केव्हा झाली आणि कोणी केली, हे त्याचे प्रश्न. किती रुपयांची, हा प्रश्न चोरीच्या कलमात आला तो थेट १ जुलै २०२४ रोजी, भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा. आणि आला तोही एका लहानशा कोपऱ्यात, पाच हजारांखालच्या साध्या चोरीपुरता.

बारा पेन्सांचा फास

रकमेवरून चोरी मोजण्याची पद्धत इंग्लंडची. तिथे तेराव्या शतकापासून बारा पेन्स ही सीमा होती. त्याहून जास्त किमतीची चोरी म्हणजे 'मोठी', आणि तिला फाशी. बारा पेन्स किंवा त्याहून कमी म्हणजे 'लहान', तिला फटके किंवा तशीच दुसरी शिक्षा. पुढे वेगवेगळ्या कायद्यांनी वेगवेगळ्या रकमा ठरवल्या. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची वस्तू चोरली तर फाशी, दुकानातून पाच शिलिंगांची उचलली तर फाशी. खिसा कापला तरी फाशीच होती. ती रद्द व्हायला १८०८ साल उजाडावं लागलं.

अशा कायद्याचं जे व्हायचं तेच झालं. रुपये, पैसे, शिलिंग यांची किंमत काळाबरोबर घसरते, पण कायद्यातला आकडा हलत नाही. तेराव्या शतकात बारा पेन्स ही बरी रक्कम होती. अठराव्या शतकात तेवढ्यात फारसं काही येत नव्हतं, आणि तरी फाशीची रेघ तिथेच. मग ज्युरीतल्या माणसांनी पळवाट काढली. घरातून चोरलेला माल उघड उघड कितीही महाग असो, ते शपथेवर त्याची किंमत एकोणचाळीस शिलिंग लावू लागले. एक शिलिंग कमी म्हणजे एक जीव वाचला. अखेर १८२७ मध्ये इंग्लंडने मोठी आणि लहान चोरी हा भेदच मोडीत काढला.

योगायोग असा की त्याच १८२७ मध्ये मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टन संहिता आली आणि तिच्यातल्या चौदाव्या नियमाने गुन्हे आणि शिक्षा लिहून काढल्या. पण मुंबई बेटावर तो नियम नव्हता. बेटावर इंग्रज राजाचं न्यायालय आणि इंग्रजी फौजदारी कायदा. माहीमची खाडी ओलांडली की साष्टी, म्हणजे ठाणे जिल्हा, आणि तिथे कंपनीचे नियम. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा साष्टीतली गावं. म्हणजे खाडीच्या अलीकडे चोरी केली तर एक कायदा आणि पलीकडे केली तर दुसरा. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली आणि हा दुभंग मिटला.

दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८३७ मध्ये तयार केला होता. इंग्लंडमधला रकमेचा गोंधळ त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि चोरीच्या व्याख्येत रक्कम आलीच नाही. जंगम वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने, जागेवरून हलवली, की चोरी पुरी झाली. वस्तू घेऊन पळून जायचीही गरज नाही. नव्या संहितेच्या कलम ३०३ मध्ये ही व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी आहे.

मग एवढी रुंद व्याख्या केल्यावर क्षुल्लक गोष्टींचं काय? याचा विचारही त्या मसुदाकारांनी केला होता. दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला तरी व्याख्येप्रमाणे ती चोरीच, हे उदाहरण त्यांनीच आपल्या टिपणात दिलं. म्हणून एक वेगळं कलम ठेवलं: सामान्य समज असलेला माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकं नगण्य नुकसान असेल, तर तो गुन्हाच नाही. जुन्या संहितेत हे कलम ९५ होतं, नव्यात ३३ आहे. शेजारच्या टेबलावरचं पेन सही करायला उचलणारा चोर ठरत नाही, तो याच कलमामुळे.

कुठे: चार भिंती आणि चार चाकं

साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. चोरी 'जड' होते ती पहिल्यांदा जागेमुळे. कलम ३०५ प्रमाणे राहत्या घरातली, किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी सात वर्षांपर्यंत जाते. त्यामागचं कारण सरळ आहे. रस्त्यावर आपण सावध असतो, खिशावर हात ठेवून चालतो. घरात तो हात खाली येतो. जिथे माणूस निर्धास्त असतो तिथे केलेली चोरी कायद्याला अधिक वाईट वाटते.

२०२४ पर्यंत हे संरक्षण इमारत, तंबू आणि जहाज एवढ्यापुरतंच होतं. लोकलचा डबा त्यात बसत नव्हता, त्यामुळे डब्यातली पाकीटमारी ही साधी चोरी होती. नव्या संहितेने या यादीत भर घातली. माल किंवा प्रवासी नेणाऱ्या वाहनातून केलेली चोरी, खुद्द अशा वाहनाचीच चोरी, प्रार्थनास्थळातल्या मूर्तीची चोरी, आणि सरकारच्या किंवा पालिकेच्या मालमत्तेची चोरी. उपनगरात राहणाऱ्यासाठी हा बदल मोठा आहे. लोकल, बेस्टची बस, मेट्रो, शेअर रिक्षा यांपैकी कशाशिवाय ज्याचा दिवस जातो असा माणूस इथे विरळा.

परिणाम बघा. बोरिवलीच्या फलाटाबाहेर बाजारात खिशातून मोबाइल गेला तर कलम ३०३, तीन वर्षं. तोच मोबाइल पाच मिनिटांनी चर्चगेट लोकलच्या डब्यात गेला तर कलम ३०५, सात वर्षं. रिक्षा चोरली तर सात वर्षं आणि बसमधून कोणाची पिशवी उचलली तरी सात वर्षं. पालिकेच्या गटारावरचं लोखंडी झाकण उचलून भंगारात विकणाराही आता याच कलमात येतो. भंगारात त्याला काय मिळालं हे कायदा विचारत नाही. उघड्या गटारामुळे पावसाळ्यात कोणाचा जीव जाऊ शकतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

याची एक चमत्कारिक बाजूही आहे. 'मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत' यात दुकान येतं. त्यामुळे कलमाची भाषा सरळ वाचली तर मॉलमधल्या दुकानातून आठशेचा शर्ट उचलणारा सात वर्षांच्या कलमात जातो, आणि मॉलच्या दाराबाहेर पदपथावरच्या विक्रेत्याचा तसाच शर्ट उचलणारा समाजसेवेच्या सवलतीला पात्र ठरतो. पदपथावरच्या विक्रेत्याला भिंती नाहीत, म्हणून कायद्याचं जास्तीचं संरक्षणही नाही.

केव्हा आणि कोणत्या वाटेने

घाटकोपरच्या खिडकीकडे वळू. घरफोडी म्हटलं की आपल्याला तोडलेला कडीकोयंडा आठवतो. कायद्यातली घरफोडी त्याहून रुंद आहे. कुलूप उघडून आत जाणं, भिंत चढून जाणं, माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणं, हे सगळं घरफोडीच. आणि 'शिरणं' म्हणजे सबंध देह आत जाणं नव्हे. शरीराचा कुठलाही भाग आत गेला तरी प्रवेश झाला. खिडकीच्या गजांतून हात आत आला की झाली घरफोडी.

दिवसा चोरीसाठी घरफोडी केली तर कलम ३३१ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केली तर चौदा. रात्री माणूस झोपलेला असतो, प्रतिकार करू शकत नाही, आणि केलाच तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच हाताला, त्याच खिडकीत, सूर्य मावळल्यावर चार वर्षं जास्त. जबरी चोरीतही हाच न्याय आहे. एरवी दहा वर्षं, पण महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यान केली तर चौदा. घोडागाडीच्या काळातल्या वाटमाऱ्यांसाठी केलेली ही तरतूद पश्चिम द्रुतगती महामार्गालाही लागू पडते.

कसं: हात, ब्लेड आणि फटका

उपनगरी रेल्वेने एक खास गुन्हा जन्माला घातला, 'फटका'. रुळांच्या कडेला किंवा खांबाशी उभा राहून, दारात लटकणाऱ्या प्रवाशाच्या हातावर काठीचा तडाखा मारायचा, मोबाइल खाली पडला की उचलून पसार व्हायचं. गाडी थांबत नाही, आणि तोल गेलेला प्रवासी मात्र रुळांवर पडू शकतो. असे काही प्रवासी हातपाय गमावून बसले आहेत, काही जिवाला मुकले आहेत.

कायद्याच्या नजरेत ही चोरी उरत नाही, जबरी चोरी होते. चोरी करण्यासाठी, किंवा माल नेण्यासाठी, चोराने मुद्दाम इजा केली, इजेची भीती घातली किंवा कोणाला अडवून धरलं, की कलम ३०९ लागतं. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि जबरी चोरीत प्रत्यक्ष इजा केली तर जन्मठेपेपर्यंत. साडेचार हजारांच्या मोबाइलसाठी जन्मठेप म्हणजे जास्तच झालं असं वाटेल. पण शिक्षा मोबाइलची नाही, तडाख्याची आहे.

इथे 'मुद्दाम' आणि 'त्यासाठी' या दोन अटींचं बोट धरून वकील बराच काळ भांडत आले. सोनसाखळी खेचताना मानेवर ओरखडा उठला, तर ती इजा चोरीसाठी केली की चोरी करताना झाली? पहिलं उत्तर जबरी चोरीचं, दुसरं साध्या चोरीचं. एकाच प्रकारच्या घटनेत म्हणून वेगवेगळी कलमं लागत. नव्या संहितेने मधली एक पायरी बनवली. कलम ३०४ प्रमाणे झटक्यात, चपळाईने किंवा जोराने एखाद्याकडून वस्तू हिसकावून घेणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, पण दंड जोडीला आहेच, आणि वस्तूच्या किमतीची सवलत इथे नाही. मोटारसायकलवरून येऊन खोटी साखळी खेचली तरी गुन्हा तोच.

साधी चोरी आणि जबरी चोरी यांच्या मध्ये आणखी एक, फारसं कोणाला माहीत नसलेलं कलम आहे, ३०७. इजा केली नाही, पण करायची तयारी ठेवून चोरी केली, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. या कलमाखाली कायद्यातच दिलेलं एक उदाहरण जुन्या दंड संहितेपासूनचं आहे: खिसा कापणाऱ्याने आपले साथीदार आजूबाजूला उभे करून ठेवले आहेत, खिसेवाल्याच्या लक्षात आलं तर त्याला अडवण्यासाठी. १८६० साली लिहिलेलं हे वाक्य संध्याकाळच्या बोरिवली लोकलचं वर्णन वाटावं इतकं ताजं आहे. ब्लेड एकाच्या हातात असतं, पण कोंडाळं चौघांचं असतं. ते चौघे पाच झाले आणि जबरी चोरी केली, तर त्याचं नाव दरोडा, आणि शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्याला तिजोरी लागत नाही, पाच माणसं लागतात.

टोळीने केलेल्या लहान चोऱ्यांसाठी आता कलम ११२ आहे. त्याचं नावच 'किरकोळ संघटित गुन्हा'. पाकीटमारी, वाहनातली चोरी, दुकानातली उचलेगिरी, एटीएम कार्डाची नक्कल करून केलेली चोरी, असं टोळीतल्या माणसाने काहीही केलं तर किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षं. साध्या चोरीला पहिल्या वेळी किमान शिक्षा नाही, इथे ती आहे. त्याच्या वर महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, मकोका, आहेच. सोनसाखळी चोरणाऱ्या टोळ्यांवर तो लावला गेला आहे, आणि त्यात किमान पाच वर्षं आहेत.

कोणी: नोकराची चोरी

मुलुंडच्या फ्लॅटमधला प्रसंग कायद्याने सर्वांत जुन्या निकषावर तोलला आहे, विश्वासाच्या. नोकराने किंवा कारकुनाने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३०६, सात वर्षांपर्यंत. ज्याच्या हाती किल्ली दिली त्याने घात केला, हा इथे मुख्य दोष. रक्कम कितीही लहान असो, पाच हजारांची सवलत या कलमात नाही.

याचा दुसरा अर्थही डोळ्यांआड करता येत नाही. उपनगरातल्या सोसायट्यांत काही हरवलं की पहिला संशय कामवाल्या बाईवर, दुसरा वॉचमनवर. साडेचार हजारांच्या संशयावरून तिच्यामागे लागणारं कलम सात वर्षांचं, दखलपात्र आणि अजामीनपात्र असतं. त्याच इमारतीतल्या एखाद्या रहिवाशाने बाहेरच्या बाजारात तसाच मोबाइल चोरला तर त्याला जामीन हक्काने मिळतो. विश्वासघात मोठा मानणं समजण्यासारखं आहे, पण संशय आणि पुरावा यांतलं अंतर अशा वेळी अधिक काटेकोरपणे राखायला हवं.

याच्या उलट टोकाला आहे सापडलेली वस्तू. रिक्षात कोणी मोबाइल विसरलं आणि पुढच्या प्रवाशाने तो स्वतःकडे ठेवला, तर ती चोरी नव्हे, अपहार. वस्तू कोणाच्या ताब्यातून काढून घेतलेली नसते. कलम ३१४ प्रमाणे कमाल दोन वर्षं. मात्र इथे कैदेची किमान मर्यादा सहा महिन्यांची आहे. खिशातून काढणाऱ्याला किमान नाही आणि सापडलेलं ठेवणाऱ्याला आहे, हा नव्या संहितेतला विनोद कोणाच्या लक्षातून निसटला कोण जाणे.

आकडा आला, पण कुठल्या दाराने?

आता पाच हजारांच्या रेघेकडे. कलम ३०३ च्या दुसऱ्या पोटकलमाला एक जोड दिली आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यायची. म्हणजे न्यायालय सांगेल ते, लोकांच्या उपयोगाचं आणि बिनमोबदल्याचं काम. भारताच्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यात अशी शिक्षा पहिल्यांदाच आली. भुकेपोटी किंवा मोहापायी एकदा हात मारणाऱ्या तरुणाला तुरुंगात सराईतांच्या संगतीत पाठवू नये, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे.

पण दोन गोष्टी बघायला हव्यात. पहिली, ही सवलत फक्त कलम ३०३ मध्ये आहे. घर, दुकान, लोकल, बस, नोकर, हिसकावणं, टोळी, यांपैकी काहीही आलं की ती संपली. उरते ती उघड्यावरची, एकट्याने, बळ न वापरता केलेली चोरी. दुसरी, परतफेडीची अट. मोबाइल हजाराला विकून पैसे उडवलेल्या पोराकडे परत करायला काही नसतं. ज्याच्या घरच्यांना साडेचार हजार उभे करता येतात तो उद्यानात झाडू मारून सुटेल, ज्याच्या घरच्यांना येत नाहीत तो तीन वर्षांच्या कलमाला सामोरा जाईल.

याहून मोठा परिणाम शिक्षेच्या नव्हे, तपासाच्या टोकाला आहे. फौजदारी कार्यपद्धतीसाठीच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे. पोलीस ठाण्याच्या भाषेत 'एनसी'. पोलीस नोंद करतील, तिची प्रत देतील आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतील. त्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. ज्याचा मोबाइल पन्नास हजारांचा त्याचा गुन्हा दाखल होतो, ज्याचा साडेचार हजारांचा त्याच्या हाती कागद पडतो. एकाची ती हौस असते. दुसऱ्याच्या त्या मोबाइलवर गिऱ्हाइकांचे नंबर आणि रोजच्या धंद्याचे पैसे येतात. आणि जुन्या मोबाइलची किंमत लावायची कशी, बिलावरची की आजच्या बाजारातली, हे कलमात सांगितलेलं नाही.

तीन आणि सात या आकड्यांमध्ये इतरही दारं उघडतात आणि मिटतात. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदवायचा का ते ठरवू शकतात. पाच हजारांवरची साधी चोरी यात येते. लोकलमधली येत नाही. उलट सात वर्षांच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं करायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. लोकलच्या डब्यातल्या पाकीटमारीचे ठसे घ्यायला तज्ज्ञ अंधेरीला उतरतील, ते चित्र तूर्त कागदावरच बरं दिसतं.

मग आठशेच्या शर्टाला खरोखर सात वर्षं होतात का? नाही, आणि तिथेही आकडाच मदतीला येतो, पण वेगळ्या कायद्यातून. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ प्रमाणे साधी चोरी, घर-दुकान-वाहनातली चोरी आणि नोकराची चोरी, माल वीस हजारांपर्यंतचा असेल तर खटला संक्षिप्त पद्धतीने चालवायचा, आणि अशा खटल्यात तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही. खटला गुंतागुंतीचा वाटला तर न्यायदंडाधिकारी तो नेहमीच्या पद्धतीने चालवू शकतात, पण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपेक्षा अधिक कैद देता येत नाही. म्हणजे व्याख्येतून हाकललेली रक्कम कार्यपद्धतीच्या मागच्या दाराने आधीपासूनच घरात होती. ही संक्षिप्त खटल्याची मर्यादा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोनशे रुपये होती, पुढे ती दोन हजार झाली आणि आता वीस हजार. हानी पोहोचवण्याच्या गुन्ह्यातली पन्नास रुपयांची मर्यादा तर १८६० पासून २०२४ पर्यंत तशीच होती. तेव्हा पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती, निघताना त्यात एक साधी थाळीही येत नव्हती. पाच हजारांचंही वय वाढणारच आहे. महागाईप्रमाणे तो आकडा बदलेल अशी सोय कलमात नाही.

मुलं आणि पुन्हा पुन्हा

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोजमाप वेगळं. २०१५ चा बाल न्याय कायदा गुन्ह्याचे तीन स्तर शिक्षेच्या वर्षांवरूनच करतो: कमाल तीन वर्षांपर्यंतचे किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि किमान सात वर्षांचे त्याहून वरचे. बाजारातला मोबाइल चोरणारा मुलगा किरकोळ स्तरात राहतो, लोकलमधला चोरणारा गंभीर स्तरात जातो. किरकोळ गुन्ह्यातली चौकशी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे चार महिने आणि फार तर आणखी दोन महिन्यांत, पुरी झाली नाही तर ती संपुष्टात येते. दोन्ही मुलं बाल न्याय मंडळापुढेच उभी राहतात, तुरुंगात नव्हे.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र आणखी एक प्रश्न चोरीला जड करतो: कितव्यांदा? कलम ३०३ खाली दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान एक आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी. चोरीचा माल सवयीने घेणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, कारण त्याच्याशिवाय चोराचा धंदा चालत नाही. आणि खटल्यापर्यंत न जाताही महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली सराईताला शहर आणि उपनगर जिल्ह्यातून तडीपार करता येतं.

लहान चोऱ्यांची बेरीज किती भयंकर होऊ शकते, याचं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयात २०२३ च्या जुलैमध्ये आलं. एका तरुणाला चोरीच्या ४१ प्रकरणांत दोषी धरलं गेलं होतं. प्रत्येकातली शिक्षा लहान, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. पण त्या एकापाठोपाठ एक भोगायच्या असत्या तर एकूण नव्वद वर्षांहून अधिक झाल्या असत्या. खुनाच्या जन्मठेपेतही इतका काळ सहसा कोणी आत राहत नाही. न्यायालयाने सगळ्या शिक्षा एकत्र भोगायचा आदेश दिला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजचोरीच्या नऊ प्रकरणांत, प्रत्येकी दोन वर्षं मिळून अठरा वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाची अशीच सुटका केली होती. दोन्ही वेळा कलमं बरोबर लावलेली होती आणि प्रत्येक शिक्षा एकेकटी बघितली तर योग्यच होती. चुकली होती ती बेरीज.

ठाण्याच्या टेबलावर

या सगळ्याचा उपयोग तक्रार देताना होतो. टेबलापलीकडून पहिला प्रश्न बहुधा 'किती किमतीचा होता?' असा येतो, आणि माणूस प्रामाणिकपणे 'जुनाच होता, असेल चारेक हजारांचा' म्हणून मोकळा होतो. तिथेच एनसी लिहिली जाते. किंमत खरीच सांगावी, पण तिच्या आधी कुठे आणि कसं हे सांगावं. गाडीच्या डब्यात की फलाटावर? दुकानात की दुकानाबाहेर? खिशातून हळूच गेला की हातातून हिसकावला? मारलं, ढकललं, घेरलं का? किती जण होते? सूर्य मावळला होता का? या प्रत्येक उत्तरासरशी कलम बदलू शकतं, आणि कलमाबरोबर तपास होणार की नाही हेही. जबाबात 'मोबाइल हरवला' असं लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी तो शब्द बदलून घ्यावा, कारण हरवणं हा गुन्हा नाही.

रेल्वेतली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे जाते. अंधेरी आणि बोरिवलीला त्यांची ठाणी आहेत. हद्द कोणाची यावरून परत पाठवता येत नाही, कुठलंही ठाणं तक्रार शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवू शकतं. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवावं, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बिल आणि आयएमईआय क्रमांक जपून ठेवले तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून मोबाइल बंद करता येतो. तो पुढे सापडला तर मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाला लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

पाच हजारांची रेघ न्यायालयाच्या हातात दिलेली दयेची सोय आहे, आणि चोराच्या पहिल्या चुकीसाठी ती असायलाच हवी. पोलीस ठाण्यात मात्र तीच रेघ फिर्यादीला मागे पाठवण्याचं निमित्त होऊ शकते. शिक्षा सौम्य ठेवायला तपास सोडून द्यावा लागत नाही. कायद्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या: तीच चोरी दखलपात्र ठेवून, तिची शिक्षा समाजसेवा. संहितेत पहिली दुरुस्ती करायची वेळ येईल तेव्हा परिशिष्टातला 'अदखलपात्र' हा एक शब्द बदलला तरी स्वस्त मोबाइलवाल्यांचं पुष्कळ काम होईल.